हात मागे बांधून

बजी, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात तो छोटा रंगीत पोपट, त्याची पिल्लं घरात वाढवायची म्हटलं की पक्ष्यांना काही शिकवावं लागत नाही, शिकवायचं असतं ते घरातल्या माणसांना. अंडं कधी घालायचं, किती वेळ उबवायचं, कुठल्या पिल्लाला आधी भरवायचं, हे सगळं मादीला पाठ असतं. हे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानातले. जॉन गूल्ड नावाच्या पक्षितज्ज्ञाने १८४० मध्ये त्यातले काही जिवंत इंग्लंडला नेले आणि तेव्हापासून ते जगभरच्या पिंजऱ्यांत बिनबोभाट अंडी घालताहेत. एवढ्या काळात त्यांना कुणाच्या काकूंचा सल्ला लागलेला नाही. आपल्याकडे मात्र मडक्यात पहिलं अंडं दिसलं, की घरातल्या प्रत्येकाला आपण जन्मजात सुईण असल्याचा साक्षात्कार होतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की या सगळ्या प्रकरणात माणसाचं मुख्य काम हात मागे बांधून उभं राहणं हे आहे. हे काम फार अवघड आहे. त्यातही काही मोजक्या वेळी हात सोडावे लागतात आणि त्या वेळा नेमक्या ओळखाव्या लागतात.

सुरुवात जोडीपासून. दुकानात बजीला लव्हबर्डच म्हणतात, त्यावर वाद घालू नये. वाद जोडीवर घालावा. "दादा, एकदम पक्की जोडी आहे, बघा कसे चोचीत चोच घालून बसलेत!" या वाक्यावर भाळून नाशकातल्या कित्येक घरांत दोन नर नांदत आहेत. दोन नर एकत्र ठेवले तरी ते एकमेकांना भरवतात, माना डोलावतात, गाणी म्हणतात, सगळं करतात. अंडी तेवढी होत नाहीत. दोन माद्या आल्या तर प्रकार उलटा. अंडी होतात, भरपूर होतात, दोघी ती भक्तिभावाने उबवतात आणि त्यातून काही म्हणजे काही बाहेर येत नाही.

म्हणून चोच बघायची ती चोचीच्या वर. नाकपुड्यांभोवती जी मऊ पट्टी असते ती वयात आलेल्या नराची गडद निळी असते. मादीची फिकट पांढरट-निळसर किंवा बदामी असते, आणि अंड्यावर आली की तीच तपकिरी, खरखरीत होते. अल्बिनो, लुटिनो अशा पांढऱ्या-पिवळ्या नरांची पट्टी मात्र मोठेपणीही गुलाबी-जांभळीच राहते, तिथे भले भले फसतात. वय बघायला कपाळ बघा. काळ्या बारीक रेघा थेट नाकापर्यंत आलेल्या असतील तर ते पिल्लू आहे, तीन-चार महिन्यांच्या आतलं. त्या रेघा मागे हटून कपाळ स्वच्छ झालं आणि डोळ्याच्या बाहुलीभोवती पांढरी कडी उमटली, की पक्षी मोठा झाला. जोडीला पिल्लांसाठी लावायची तर वय वर्षाच्या आसपास हवं, दहा महिन्यांच्या आत तर नकोच. पाच महिन्यांची मादी अंडी घालू शकते, पण शरीर भरलेलं नसतं, अंडं अडकतं आणि मादीच जाते. दुकानदार हे सांगत नाही, कारण त्याला दुसरी मादी विकायची असते.

आणखी एक. बजी थव्याने राहणारा पक्षी. दुसऱ्या जोड्यांचा कलकलाट कानावर पडला तर मादी लवकर अंड्यावर येते. एकुलती एक जोडी वर्षभर नुसती झोके घेत बसली तर तिच्यात खोट काढू नये, तिला शेजार नाही एवढंच. दुसरी जोडी आणलीत तर दुसरा पिंजरा आणा. एकाच पिंजऱ्यात दोन-तीन जोड्या ठेवायच्या असतील तर मडकी जोड्यांच्या दुप्पट आणि सगळी एकाच उंचीवर टांगलेली हवीत. वरच्या मजल्याचा मोह माद्यांनाही सुटत नाही, आणि त्यावरून होणारी भांडणं चोचाचोचीवर थांबत नाहीत. दुसरीच्या मडक्यात घुसून अंडी फोडणं, पिल्लं मारणं इथपर्यंत जातात.

एका जोडीला पिंजरा निदान दोन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच असावा. गजांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, नाहीतर पिल्लू डोकं घालतं आणि काढायचं विसरतं. आता मडकं की लाकडी पेटी? जुन्या नाशकातल्या कुंभारांकडे बाजूला भोक पाडलेली छोटी मडकी मिळतात, दिसतातही छान, उन्हाळ्यात आतून थोडी गारही राहतात. पण माझं मत पेटीला. कारण मडक्यात आपल्याला दिसत काही नाही. भोकातून मोबाईलचा कॅमेरा आत घालून फोटो काढावा, तर त्यात मादीचा संतापलेला एक डोळा तेवढा येतो. पेटीला वरून किंवा बाजूने झाकण असतं, मादी बाहेर आली की हळूच उघडून क्षणात बघून होतं. पेटी साधारण आठ इंच लांब, सहा इंच रुंद आणि सहा इंच उंच. भोक पावणेदोन इंचांचं, त्याखाली बाहेर बसायला एक दांडी. आणि मुख्य म्हणजे तळाला, भोकाच्या विरुद्ध टोकाला, उथळ वाटीसारखा खळगा कोरलेला. खळगा नसेल तर अंडी चारी कोपऱ्यांत घरंगळतात, मादी दोन उबवते आणि बाकीची गार पडतात. भोकाच्या बरोबर खाली खळगा ठेवला तर मादी वरून धपकन अंड्यांवरच उतरते.

आत लाकडाचा भुसा दोन बोटं घालायचा. सुताराकडून रंध्याची साल आणा, करवतीची धूळ नको, आणि प्लायवूडचा तर मुळीच नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात. हा भुसा मादी दुसऱ्या दिवशी सगळाच्या सगळा चोचीने बाहेर फेकते. तो आपण परत भरतो, ती परत फेकते. फरशीवरचा भुसा झाडणारं माणूस घरात एकच असतं, आणि पक्षी आणायचा हट्ट त्याचा नसतो. अंडी आहेत तोवर मादीला तिच्या मनासारखं करू द्यावं. पिल्लं आली की मात्र भुसा हवाच, त्याचं कारण पुढे येईल.

खाण्याच्या बाबतीत नाशिककरांनी तक्रार करू नये. राळे, बाजरी आणि वरी ही बजीची भाकरी, आणि वरीची भगर करण्यात तर नाशिकचं नाव आहे. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरउतारांवर ती पिकते. फक्त आपण उपासाला खातो ती पांढरी, सोललेली भगर नव्हे, सालासकटची वरी आणायची. दाणा चोचीत फिरवून साल काढणं हा पक्ष्याचा अर्धा दिवसाचा उद्योग असतो, तो हिरावून घेऊ नये. वाडग्यात वर सालीचा थर साचतो आणि माणसाला वाडगं भरलेलं दिसतं. पक्षी मात्र खाली उपाशी असतो, आणि तोही एकादशी नसताना. रोज सकाळी वाडग्यावर फुंकर मारायची. हे दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आणि ते करायला सगळ्यात जास्त विसरतात.

नुसत्या दाण्यावर मात्र अंडी होत नाहीत, झाली तरी नीट होत नाहीत. हिशेब साधा आहे. मादीचं वजन पस्तीस ग्रॅमच्या आसपास, एक अंडं दोन ग्रॅमचं. पाच अंडी म्हणजे दहा ग्रॅम, स्वतःच्या वजनाच्या पावापेक्षा जास्त माल ती दहा दिवसांत बाहेर काढते. त्यातलं कवच सगळं कॅल्शियमचं. म्हणून पिंजऱ्याला समुद्रफेस, म्हणजे कटलफिश या समुद्री जिवाचं हाड, बांधायचा. पाळीव प्राण्यांच्या दुकानात तो इंग्रजी नावाने आणि इंग्रजी भावाने मिळतो, काष्ठौषधींच्या दुकानात तोच आपल्या नावाने स्वस्तात मिळतो. त्याची मऊ बाजू आत करून बांधा. जोडीला उकडलेलं अंडं कवचासकट बारीक करून, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि पिल्लं झाली की रोज चमचाभर. पक्ष्याला अंडं खायला घालणं बघून आजी जप मधेच थांबवतात. "अहो, स्वतःचीच जात खाते का कुणी?" याला उत्तर देऊ नये, वाटी आत ठेवून निघून यावं. पण ती वाटी दोन-तीन तासांत काढायला विसरू नये, एप्रिलमध्ये तर त्याआधीच. उकडलेलं अंडं आंबलं की पिल्लांची पोटं बिघडतात. भिजवून मोड आलेले मूग, मक्याचं कोवळं कणीस, कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला हे सगळं चालतं. पालक कधीतरी, कारण तो कॅल्शियम अडवतो. द्राक्षं नाशकात रस्त्यावर ओतलेली असली तरी फवारणीचा विचार करून नीट धुऊन एखादाच तुकडा. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, चहा, खारे दाणे अजिबात नाही. पाहुण्यांनी चिवडा टाकला तर पाहुण्यांना रागवावं.

हंगाम कुठला? निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर आला की मडकं लावू नये, आणि चैत्र-वैशाखात नाशिक चाळीस अंशांवर तापतं तेव्हा लावलेलं काढून घ्यावं. कडक थंडीत मादीचं अंडं अडकण्याची भीती जास्त, आणि कोरड्या कडक उन्हात अंड्यातली ओल आटून पिल्लू कवचातच मरतं. पावसाळ्यात दाण्याला बुरशी लागते. उरला दसऱ्यानंतरचा काळ आणि माघ-फाल्गुन. त्यात पहिल्याला दिवाळीचे फटाके आडवे येतात आणि दुसऱ्याला रंगपंचमीचे ढोल. रहाडीकडे, म्हणजे रंग खेळायच्या जुन्या हौदाकडे, निघालेली मिरवणूक गल्लीतून गेली की मादी मडक्यातून बाणासारखी सुटते आणि जाताना एखादं अंडं लाथेने ठोकरते. म्हणून पिंजरा रस्त्याकडच्या गॅलरीत न ठेवता आतल्या खोलीच्या भिंतीला, डोक्याच्या उंचीवर ठेवावा. स्वयंपाकघरात मात्र नको. नॉनस्टिक तवा रिकामा जास्त तापला तर त्याचा जो धूर निघतो तो आपल्याला जाणवतही नाही आणि पक्षी काही मिनिटांत खाली पडतात. डासांची कॉइल, फवारे, संध्याकाळचा धूप, सगळं दुसऱ्या खोलीत.

जोडी जमली की साधारण आठ-दहा दिवसांत पहिलं अंडं येतं, मग एक दिवसाआड एक. चार ते सहा, कधी आठसुद्धा. त्या दिवसांत मादी एकदम मोठी, बदबदीत विष्ठा करायला लागते. घरच्यांना हगवण वाटते, ओवा-सुंठीचे उपाय सुचतात. तसं काही नसतं. मडकं घाण होऊ नये म्हणून ती दिवसभर धरून ठेवते आणि बाहेर आल्यावर एकदाच मोकळी होते. घाबरायचं ते वेगळं दिसलं तर. मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून, डोळे मिटून बसली, शेपटी वरखाली हलते आहे, मागचा भाग सुजला आहे, तर अंडं अडकलंय. इथे हात सोडायचे. तिला उबदार जागी, तीस अंशांच्या आसपास ठेवा आणि ताबडतोब पक्षी बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. दाबून अंडं काढायचा प्रयत्न घरी करू नका, आत फुटलं तर मादी वाचत नाही. सगळे डॉक्टर पक्षी बघत नाहीत, म्हणून कोण बघतो हे अंडं येण्याआधीच विचारून ठेवा, अडकल्यावर नव्हे.

अंडं अठरा दिवसांत फुटतं, एखादा दिवस मागेपुढे. यात सगळ्यांचा हिशेब चुकतो तो इथे की अठरा दिवस मोजायचे मादी बसायला लागल्यापासून, अंडं आल्यापासून नाही. काही माद्या पहिल्यापासून बसतात, बऱ्याच जणी दुसरं आल्यावर. त्यामुळे घरचे कॅलेंडरवर गोल करतात, त्या दिवशी सगळे आंघोळी करून जमतात आणि काहीच होत नाही. "वांझोटी दिसतेय हो!" हे वाक्य विसाव्या दिवसाच्या आत कुणी उच्चारू नये. प्रत्येक अंडं स्वतःच्या वेळेवर फुटतं, म्हणजे सहा अंडी असतील तर पहिलं आणि सहावं पिल्लू यांत आठ-दहा दिवसांचं अंतर. मऊ स्केचपेनाने अंड्यावर बारीक आकडा घातला तर गोंधळ कमी होतो. पेन्सिल दाबू नये, कवच कागदासारखं असतं.

अंडं भरलंय का बघायचं असेल तर पाचव्या-सहाव्या दिवसानंतर अंधारात मागून छोटी बॅटरी लावा. लाल बारीक शिरांचं जाळं दिसलं तर पिल्लू आहे, नुसतं पिवळसर आरपार दिसलं तर रिकामं. दहा दिवसांनंतर बॅटरीही लागत नाही, भरलेलं अंडं बाहेरूनच दुधासारखं पांढरं, चुन्यासारखं होतं. रिकामी अंडी लगेच काढायची घाई नको. नवीन पिल्लं त्यांना टेकून बसतात आणि ऊबही धरून राहते. सगळीच रिकामी असतील तरी मादीला तिचे वीस-बावीस दिवस बसू द्या, कारण आधी काढली तर ती दुसऱ्याच दिवशी नवी खेप सुरू करते आणि झिजते. एखाद्या अंड्याला केसासारखा तडा गेला असेल आणि आतला पापुद्रा शाबूत असेल, तर तेवढ्या रेघेवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक बारीक थेंब लावतात. घरातली नेलपॉलिश हळूच मागून घ्या, आणि कशासाठी ते नंतर सांगा.

या सगळ्या काळात नराची भूमिका मला फार आवडते. तो दांडीवर बसतो, मान खालीवर करत गळ्याखालच्या पिशवीतून दाणा वर आणतो आणि भोकात डोकं घालून मादीला भरवतो. मग शेजारच्या आरशाशी गप्पा मारतो, पुन्हा दाणे खातो, पुन्हा भरवतो. आत जायची परवानगी त्याला प्रत्येक वेळी मिळतेच असं नाही. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या एका नराच्या नावावर १,७२८ शब्दांचा गिनीज विक्रम आहे. संसारात पडलेले नर मात्र फारसे बोलत नाहीत.

अठराव्या दिवसाच्या सुमारास अंड्याला कान लावला तर आतून टिकटिक ऐकू येते, कधी बारीक चिवचिवसुद्धा. मग जाड टोकाजवळ एक चीर दिसते, तिथून कवचावर गोल रेघ सरकत जाते. याला बारा तास लागतात, कधी दीड दिवस. आणि इथेच घरातल्या सगळ्यांचे हात शिवशिवतात. "बिचारं अडकलंय, जरा सोलून द्या की!" नाही. पिल्लू त्या वेळात पिवळ्या बलकाचा उरलेला भाग पोटात ओढून घेत असतं आणि कवचाच्या आतल्या रक्तवाहिन्या आटत असतात. आपण सोलायला गेलो तर त्या फुटतात. मादीला अंघोळीसाठी ओली कोथिंबिरीची जुडी द्या. ती त्यात अंग घासते, ओल्या पिसांनी अंड्यांवर बसते आणि कवच मऊ राहायला मदत होते. कोरड्या हवेत याहून मोठी मदत आपल्याच्याने होत नाही.

बाहेर येतं ते दोन ग्रॅमपेक्षाही हलकं, गुलाबी, आंधळं, मानेला अजिबात आधार नसलेलं काहीतरी. फोटो काढून नातेवाइकांना पाठवू नये, त्यांना ते आवडत नाही. पहिले काही तास त्याला कुणी भरवलं नाही तरी चालतं, बलकावर निभतं. त्यानंतर मादी त्याला पातळ, दुधासारखा रस भरवते. पोट भरलं की गळ्याखालची पिशवी फुगून पारदर्शक कातडीतून पांढरट दिसते. रोज संध्याकाळी तेवढंच बघायचं, की पिशव्या भरलेल्या आहेत ना. रोज म्हणजे दिवसातून एकदा, झाकण उघडलं, बघितलं, बंद. शेवटच्या पिल्लाकडे खास लक्ष. त्याची भावंडं दहा दिवसांची झालेली असतात, त्यांच्या गर्दीत ते चेंगरतं किंवा त्याच्यापर्यंत घास पोचत नाही. शेजारी दुसरी जोडी असेल आणि तिची पिल्लं याच वयाची असतील, तर त्याला तिथे ठेवावं. माद्या मोजत नाहीत, घेऊन टाकतात.

आता मुंग्या. बजीच्या पिल्लांचा या शहरातला सगळ्यात मोठा शत्रू मांजर नाही, मुंगी आहे. अंड्याचा चुरा सांडतो, त्याच्या वासावर रांग लागते आणि रात्रीतून ती रांग मडक्यात शिरते. पिसं न आलेल्या पिल्लाला काही करता येत नाही आणि मुंग्या चावून चावून मादी बाहेर पळते. मुंग्यांचा खडू किंवा पावडर वापरायची नाही, ती विषारी असते. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पाण्यात थेंबभर भांड्याचा साबण टाका. टांगलेला पिंजरा असेल तर वरच्या आकड्याला, पक्ष्यांची चोच पोचणार नाही अशा जागी, पेट्रोलियम जेलीचा जाड वळसा द्या. आणि पिंजरा भिंतीला किंवा पडद्याला टेकलेला नाही हे बघा. वाट्यांतून पाणी घालून निर्धास्त झोपायचं आणि मुंग्या पडद्यावरून येतात, हे नेहमीचं.

दहाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात, अंगावर राखाडी लव येते, मग पिसांच्या सुया टोचायला लागतात. याच काळात विष्ठा एकदम वाढते आणि त्या भुशाचं कारण समोर येतं. गुळगुळीत मडक्यात किंवा उघड्या फळीवर पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना घसरतात आणि तसेच वाढतात. हे पहिल्या दोन आठवड्यांत दिसलं तर दोन्ही पायांमध्ये मऊ स्पंजचा तुकडा ठेवून पट्टीने जवळ बांधता येतं आणि आठवडाभरात पाय सरळ होतात. उशीर झाला की जन्मभर फरफटत चालतं. म्हणून दर तीन-चार दिवसांनी ओला भुसा काढून कोरडा घालायचा. पिल्लं मऊ फडक्यात काढायची, काम पाच-दहा मिनिटांत उरकायचं.

आणि फडक्यात काढलीच आहेत तर एकेक पिल्लू हातात घेऊन दोन जागा बघायच्या. बोटांना विष्ठेचे टणक मणी चिकटलेले असतात. ते ओढायचे नाहीत, ओढले तर नख येतं सोबत. कोमट पाण्यात पाय एक-दोन मिनिटं धरायचा, मणी विरघळतो, मग बोटाने अलगद सरकवायचा. दुसरी जागा वरच्या चोचीची आतली बाजू. तिथे भरवलेल्याचा थर वाळून बसतो आणि तो तसाच राहिला तर वरची चोच वाढत नाही, खालची पुढे येते. दातकोरणीच्या बोथट टोकाने तो थर काढायचा. पिल्लू या वेळी असं ओरडतं की शेजारचे दार वाजवतात. नर दांडीवरून हे सगळं बघतो आणि काहीही करत नाही.

हाताने भरवणं हा वेगळा अध्याय, आणि तो उघडायची वेळ न आलेली बरी. पक्षी माणसाळतो म्हणून मुद्दाम पिल्लं काढून भरवणाऱ्यांशी माझं पटत नाही. रोज थोडा वेळ हातात घेतलं तरी पिल्लू माणसाळतं आणि जेवण आई-बापांकडेच राहतं. पण मादी मेलीच किंवा पिल्लांना टोचायला लागली, तर दोन आठवड्यांवरची पिल्लं वाचवता येतात. त्याहून लहानांसाठी दुसरी मादी शोधा. भरवायला पिल्लांची तयार भुकटी मिळते, ती आणा. तांदळाची खिमट किंवा बाळांचं डब्यातलं खाद्य यावर पिल्लू वाढत नाही. भुकटी कोमट पाण्यात कालवून ३९ ते ४१ अंश, आणि हे अंश बोटाने नाही, तापमापीने मोजायचे. ४३ च्या वर गेलं तर गळ्याखालची पिशवी आतून भाजते, गार दिलं तर ते तिथेच आंबतं. सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूने, टोक उजवीकडे करून, थेंब थेंब. वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं एका वेळी, म्हणजे वीस ग्रॅमच्या पिल्लाला दोन मिली. आधीची पिशवी रिकामी झाल्याशिवाय पुढचं नाही. वीज गेली तर पिल्लांच्या खोक्याला गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची, आणि वीज केव्हा येणार हे विचारायला कुणाला फोन करायचा नाही, वेळ वाया जातो.

पाचव्या आठवड्याच्या आसपास पिल्लं एकेक करून भोकाशी येतात, बाहेर बघतात, आत जातात, आणि मग एके सकाळी एखादं पिंजऱ्याच्या जाळीला लटकलेलं सापडतं. पुढचा आठवडा-दहा दिवस त्यांना बाप भरवतो. आई नाही, कारण आईने तोवर दुसऱ्या खेपेची तयारी सुरू केलेली असते. तिला मडकं मोकळं हवं असतं, आणि रेंगाळणाऱ्या पिल्लांच्या डोक्याची पिसं ती उपटून काढते. अशी बोडकी पिल्लं दिसली की बाहेर आलेल्यांना बापाबरोबर दुसऱ्या पिंजऱ्यात हलवायचं. जमिनीवर उथळ ताटलीत दाणे आणि कणसाचा तुकडा ठेवला की सहा आठवड्यांपर्यंत ती स्वतः खायला लागतात. स्वतः दाणा सोलताना दिसल्याशिवाय बापापासून तोडायचं नाही. दाणा चोचीत घेऊन नुसतं खेळणं आणि सोलणं यांत फरक असतो, तो खाली पडलेल्या सालीवरून कळतो.

दुसरी खेप होऊ द्यावी, तिसरी नाही. वर्षात दोन, आणि मग मडकं खाली उतरवायचं. मादी हे सहजी मान्य करत नाही. पाण्याच्या भांड्याशेजारी, दाण्याच्या वाडग्यात, जिथे जमेल तिथे अंडं घालते. मग नर-मादी काही महिने वेगळे ठेवायचे, दिवसाचा उजेड कमी करायचा, उकडलेलं अंडं बंद. तिचं अंग भरलं, नाकावरच्या पट्टीचा खरखरीत तपकिरीपणा उतरला, की मग पुढचं.

पिल्लं मागणारे नातेवाईक तोवर जमलेले असतात. देशी पोपटाचं पिल्लू झाडावरून काढून पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा त्यापेक्षा बजी बरा हे त्यांना पटवून द्यावं. पण एका घरात एकाच खेपेची दोन पिल्लं जोडी म्हणून देऊ नयेत, भावा-बहिणींच्या संसारातून कमकुवत पिल्लं निघतात. आणि नाव ठेवायची घाई करू नका असं सांगावं. लहानपणी सगळ्यांचीच पट्टी गुलाबी-जांभळट असते. नाकपुड्यांभोवती पांढरी कडी दिसली तर मादी असण्याची शक्यता जास्त, पण खात्री पाच-सहा महिन्यांनीच. तरी लोक ऐकत नाहीत, सोन्या, पिंट्या, राजा अशी नावं ठेवूनच पिंजरा घेऊन जातात. मग सहा महिन्यांनी इंदिरानगरहून नाहीतर सिडकोतून फोन येतो, "अहो, आमच्या राजाचं नाक तपकिरी व्हायला लागलंय, आणि तो सारखा पेपर कुरतडतोय." त्यांना मडकं आणायची घाई करू नका, वर्ष भरू द्या, तोवर समुद्रफेस बांधून ठेवा, एवढं सांगायचं.